नुसती मोजदाद म्हणजे सिद्धता नव्हे

ज्या बिंदूंमध्ये कडा नाही तेथे कडा काढायची आणि असलेली पुसायची, म्हणजे ग्राफचा पूरक ग्राफ मिळतो. ‘हा ग्राफ आपल्या पूरकाशी आयसोमॉर्फिक आहे हे सिद्ध करा’ या प्रश्नाचे ठरावीक उत्तर इंदूरला तुकोगंजात माझ्याकडे शिकवणीस येणाऱ्या मुलांच्या वह्यांत मी नेहमी पाहतो: बिंदू तितकेच, कडा तितक्याच, प्रत्येक बिंदूपाशी मिळणाऱ्या कडांचे आकडेही तेच, म्हणून सिद्ध! त्याला पुरे गुणही पडतात. माझ्या मते ते पडू नयेत.

क-ख-ग-घ असा चौकोन काढा व क ला च ची शेपटी जोडा. पाच बिंदू, पाच कडा. बिंदूंपाशी कडा ३, २, २, २, १. पूरकाचे आकडेही हुबेहूब हेच. पण मूळ ग्राफात एकही त्रिकोण नाही आणि पूरकात ख-घ-च हा त्रिकोण आहे. मग दोन्ही एक कसे?

मोठ्या ग्राफांत तर ही फसगत अधिकच संभवते. आजच्या मध्य प्रदेशातील सागर येथे १९१७ साली जन्मलेले व पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झालेले शरदचंद्र श्रीखंडे यांच्या नावाचा १६ बिंदूंचा ग्राफ (१९५९) पाहा. बुद्धिबळाच्या ४×४ पटावर हत्तीच्या एका चालीने जोडली जाणारी घरे घेतली, तर त्या ग्राफातही प्रत्येक बिंदूला सहा शेजारी आणि कोणत्याही दोन बिंदूंना दोन सामाईक शेजारी, अगदी श्रीखंडे ग्राफाप्रमाणेच. तरीही ते आयसोमॉर्फिक नाहीत. हत्तीच्या ग्राफात सहा शेजाऱ्यांचे दोन सुटे त्रिकोण होतात, श्रीखंडे ग्राफात एक षट्कोन.

मोजणी निरुपयोगी आहे असे नव्हे. नकार देण्यास ती पुरते. सहा बिंदूंच्या १५ जोड्या. त्या निम्म्या होत नाहीत, म्हणून सहा बिंदूंचा कोणताही ग्राफ आपल्या पूरकाशी जुळणार नाही. होकारासाठी मात्र कोणता बिंदू कोठे जातो ते दाखवावेच लागते. क-ख-ग-घ या साखळीचा पूरक ग-क-घ-ख. क→ग, ख→क, ग→घ, घ→ख असे लिहून तीन कडा तपासल्या की सिद्धता पुरी.

आपल्या नियतकालिकाच्या मराठी व कानडी विभागांची पाने सारखी भरली, म्हणून कोणी एकाला दुसऱ्याचा अनुवाद म्हणत नाही. तेव्हा प्राध्यापकांना विनंती अशी, की उत्तरपत्रिकेत आकडे जुळलेले पाहून थांबू नये, जुळणी मागावी. विद्यार्थी मित्रांनीही ती न मागता द्यावी. सिद्धतेची सवय लागते ती अशीच.