भाड्याचे घर, घाटमाथ्याचा पाऊस आणि घर राखणारी माणसे

मुंबईत किंवा पुण्यात राहून लोणावळ्यास एक बंगला घ्यावा, तो शनिवार-रविवारच्या पाहुण्यांस भाड्याने द्यावा आणि त्या उत्पन्नातून कर्जाचे हप्ते परस्पर फिटावेत, असा संकल्प २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी केला आहे, आणि त्यात गैर असे काही नाही. परंतु हा संकल्प करताना जो जमाखर्च मांडला जातो त्यात भाड्याची रक्कम अग्रभागी असते, आणि घराची निगा व ती राखणारा माणूस या दोन्ही बाबी किरकोळ खर्चाच्या सदरात लोटल्या जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की हा क्रमच उलटा आहे, आणि मावळातील भाड्याच्या मिळकतींचे बहुतेक क्लेश त्यातूनच उत्पन्न होतात.

पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात तो ४००० मिलिमीटरांहून अधिक, आणि जवळजवळ सर्वच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी सुरू झाल्यानंतर खंडाळा-लोणावळ्यास हवापालटासाठी बंगले बांधणाऱ्या मुंबईकर धनिकांनी या पावसाची योग्यता जाणली होती. म्हणून त्यांच्या घरांस तीव्र उताराची कौलारू छपरे, भिंतींपुढे वीतभर नव्हे तर हातभर आलेल्या वळचणी आणि चारही बाजूंनी रुंद व्हरांडे असत. आजचा बंगला सपाट गच्चीचा, मोठाल्या काचांचा आणि पोहण्याच्या तलावाचा असतो. त्या गच्चीवर कोब्याचा उतार नीट नसला, किंवा कठड्याची भिंत व स्लॅब यांच्या सांध्यात फट राहिली, की पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छतावर ओल उमटते, दुसऱ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि तिसऱ्यात लोखंडी सळई गंजून गिलावा खाली येऊ लागतो. पाणी नेमके कोठून शिरते हे भर पावसात उभे राहून पाहावे लागते, आणि दुरुस्ती मात्र दिवाळीनंतर भिंती सुकल्यावर करावी लागते. ओल्या भिंतीवर घाईने चोपडलेली रसायने म्हणजे केवळ पैशाचा अपव्यय होय. मे महिन्यात गवंडी शोधू लागणाऱ्यास तो मिळत नाही, कारण त्या महिन्यात सारा मावळ त्यालाच शोधीत असतो.

येथील खरी अडचण अशी की, ज्या महिन्यांत घराची सर्वाधिक झीज होते, त्याच महिन्यांत धबधबे आणि धुके पाहण्यास येणाऱ्यांची गर्दी होऊन सर्वाधिक भाडे मिळते. सबब पावसाळ्यात एकही शनिवार रिकामा सोडण्यास मालकाचे मन धजत नाही, आणि पावसाळा सरल्यावर, गळती डोळ्यांआड झाली म्हणून, खर्चाची निकड वाटत नाही.

घराची झीज आणि मालकाचे भाडे या दोहोंच्या मध्ये जो उभा असतो तो त्या घराचा केअरटेकर. बहुधा हे एक जोडपे असते, आणि आवारातील मागच्या एका खोलीत त्यांचा संसार असतो. मध्यरात्री येणाऱ्या पाहुण्यांस फाटक उघडून देणे, वीज गेली की जनित्र चालू करणे, तलावात क्लोरीन टाकणे, तुंबलेली सेप्टिक टाकी उपसवून घेणे, रात्री दहानंतर गाणी बंद करा असे मद्यधुंद माणसांस हात जोडून सांगणे, आणि सकाळी फुटलेल्या काचा वेचणे, ही सारी कामे त्यांची. नेमणूक जोडप्याची, पण पगार एकट्या पुरुषाचा, ही प्रथा मला अत्यंत अन्यायाची वाटते. चादरी धुणारी, न्हाणीघरे घासणारी आणि वीस माणसांची न्याहारी करणारी ती स्त्री हिशेबाच्या वहीत कोठेच नसते. पाहुण्यांची बक्षिशी हा पगाराचाच भाग समजला जातो. सुट्टीचा दिवस म्हणजे गर्दीचा दिवस, म्हणून चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा भरते तेव्हाही त्यांना आवार सोडता येत नाही. आणि बंगल्याच्या गच्चीवर दोनदा वॉटरप्रूफिंग झाले तरी त्यांच्या खोलीच्या पत्र्यांचे मात्र ताडपत्रीवर भागवले जाते. अशा माणसाने जूनमध्ये पन्हळीतला पालापाचोळा आपण होऊन काढावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

लेखी करार केला तर खोलीवर हक्क सांगितला जाईल, या भयाने मालक सारे तोंडी ठेवतात. वस्तुतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २२ मध्ये नोकरीच्या मुदतीपुरती जागा लेखी कराराने देण्याची तरतूद आहे. आणि त्याच अधिनियमाचे कलम ५५ असे सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत जागा घेणाऱ्याचे म्हणणेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाईल. म्हणजे ज्या कागदाचे भय वाटते, त्याच्या अभावीच मालक अधिक उघडा पडतो.

हीच भीती वर्षभर राहू इच्छिणाऱ्या भाडेकरूच्याही आड येते. १९४७ च्या जुन्या भाडे कायद्याखाली गोठलेली भाडी आणि त्यामुळे दुरुस्तीवाचून खचलेल्या चाळी ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या मनातील ही धास्ती निराधार नव्हती. परंतु आता १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ अन्वये लायसन्सची मुदत संपल्यावर राहती जागा न सोडणाऱ्यास दुप्पट शुल्काचे दायित्व येते, आणि ताबा मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लोणावळ्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, रेल्वेचे व आय.एन.एस. शिवाजीचे कर्मचारी आहेत. त्यांतील एखाद्या कुटुंबास अकरा महिन्यांच्या कराराने घर दिले तर भाडे पर्यटकांच्या मानाने कमी येईल हे खरे, पण रोज चूल पेटणाऱ्या आणि खिडक्या उघडल्या जाणाऱ्या घरास बुरशी धरत नाही, आणि छताचा पहिला थेंब त्याच दिवशी कोणाच्या तरी दृष्टीस पडतो.

म्हणून घर घेण्यापूर्वीच हिशेबाची पहिली ओळ राखणदार पती-पत्नी दोघांच्या स्वतंत्र पगाराची लिहावी, दुसरी त्यांच्या खोलीसह सर्व छपरांच्या वार्षिक दुरुस्तीची, तिसरी घरपट्टी, पाणीपट्टी व विजेची. आणि एवढे वजा जाता जे उरेल तेवढ्यासच उत्पन्न म्हणावे. ते हप्त्यास पुरत नसेल तर विसार देण्याआधीच तो बंगला सोडून द्यावा.