गाडीचा पत्रा आणि पाण्याची वाट

नव्या गाडीची चावी हातात पडण्याआधी शोरूममध्ये एक कागद पुढे सरकवला जातो. हार आणलेला असतो, नारळ पिशवीत असतो, घरची मंडळी गाडीभोवती फोटो काढत असतात. त्या गडबडीत विचारलं जातं, "अंडरबॉडी कोटिंग करून घ्यायचं ना, सर? पावसाळा तोंडावर आलाय, पत्रा सडेल." त्याच्याच खाली टेफ्लॉन, सिरॅमिक, अँटी-रस्ट अशी यादी असते. लाखोंच्या खरेदीत हे आणखी काही हजार जाणवत नाहीत आणि मंगल दिवशी नाही म्हणायला जड जातं. माझी पहिली विनंती त्या घटकेसाठी आहे. तिथे सही करू नका. "आठवड्याभरात कळवतो" एवढंच सांगा. आठवड्यात कुठलीच गाडी गंजत नाही.

गंजरोधक उपायांचा उपयोग होतो का? काहींचा होतो, आणि चांगला होतो. पण तुमची गाडी कुठे फिरते, तिच्यावर आधीच काय केलेलं आहे आणि नवा लेप कोणत्या अवस्थेतल्या पत्र्यावर बसतो आहे, हे पाहिल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकत असतो.

गंजायला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र यावे लागतात. त्यात मीठ मिसळलं की काम झपाट्याने होतं. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. महिनोन्‌महिने गाडी खारट चिखलातून जाते. चाळण झालेल्या चासींचे जे व्हिडिओ आपण मोबाइलवर बघून घाबरतो, ते बहुतेक तिकडचे असतात. तिथे दरवर्षी गाडीच्या पोटाला तेल मारून घेणं शहाणपणाचंच आहे. पुण्यात मात्र वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. नंतर दिवाळीपासून मेपर्यंत हवा कोरडी. इथल्या हवेने गाडी सडायला पुष्कळ काळ जावा लागतो.

दुसरं म्हणजे आजची गाडी नागडी येत नाही. पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कोणी मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काम करतं, त्यांना हे ठाऊक असेल. गाडीचा अख्खा सांगाडा आधी धुऊन त्यावर फॉस्फेटचा थर दिला जातो, मग तो रंगाच्या हौदात पूर्ण बुडवतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. रंगाचे कण विजेच्या ओढीने पत्र्यावर, अगदी खांबांच्या आणि दारांच्या पोकळीतही जाऊन बसतात. हा थर जेमतेम वीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाहून पातळ. पण तो सगळीकडे पोचतो. त्याशिवाय अनेक गाड्यांत पत्र्यालाच जस्ताचा मुलामा असतो. जस्ताचं वैशिष्ट्य असं की ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तरी आधी जस्त झिजतं आणि शेजारच्या लोखंडाला वाचवतं. जुन्या पद्मिनी-ॲम्बॅसडरची दारं खालून कुरतडल्यासारखी का व्हायची आणि आजच्या गाड्यांची तशी सहसा का होत नाहीत, याचं मोठं कारण या हौदात आणि या मुलाम्यात आहे. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर पंपाने मारलेला कुठलाही लेप या कामाची बरोबरी करू शकत नाही.

मग गाड्या सडतात कुठे? पाणी पडतं तिथे नाही, पाणी राहतं तिथे.

ज्यांच्या घरी चेतक होती त्यांनी आठवून पाहावं. आकुर्डीत बनलेली ती पत्र्याची दणकट स्कूटर. तिच्या अंगावरून पावसाळेच्या पावसाळे वाहून गेले, पण सडायची ती पाय ठेवायच्या जागेवर, रबरी पट्ट्यांच्या खाली. वरून पट्टी धडधाकट आणि खाली पत्रा पापडासारखा. मोटारीतही तोच प्रकार. पावसाळ्यात ओल्या चपला, ठिबकत्या छत्र्या. मॅटखालचा गालिचा भिजतो आणि स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. बाहेरून कोटिंग केलेलं असलं तरी फरशी आतून खाल्ली जाते.

माझ्या स्वतःच्या एका गाडीचं सांगतो. जुनी होती, मन मऊ झालं, एका गॅरेजात अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं. काळंभोर, जाड, बघून समाधान झालं. दोन पावसाळ्यांनंतर मागच्या दाराच्या तळाशी रंगाला फुगे आले. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. फवारताना ती लेपाने बुजली होती. काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी दारातच साचून राहिलं. गंज थांबवायला दिलेल्या पैशांनीच गंज आणला, ही खंत मला आजही आहे. म्हणून कळकळीने सांगतो, कोटिंग करायचंच ठरलं तर रॅम्पजवळ उभे राहा. पोट नुसतं ओलं करून लगेच फवारणार असतील तर गाडी परत घ्या. धुऊन पूर्ण वाळलेला, सुटा गंज ब्रशने काढलेला पत्रा असेल तरच लेप धरतो. ओल्या, मातीच्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर डांबरी-रबरी लेप मारला की आत कोंडलेली ओल काम चालूच ठेवते, आणि वरचा काळा थर ते दिसू देत नाही. दारं, उंबरे आणि चासीची सगळी भोकं नंतर मोकळी आहेत ना, हे काडीने तपासा.

डांबरी-रबरी लेपाचा खरा उपयोग दगड-खडीचा मार झेलायला होतो. कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला तो कामाचा आहे. पण तो वाळून तडकतो. मेणाचा किंवा लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्धाचा लेप मऊ राहतो, सांध्यात झिरपतो, पोकळीत नळी घालून मारता येतो. मात्र दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. दोन्हींतला एकच परवडत असेल तर मी पोकळीतलं मेण निवडेन. टेफ्लॉन आणि सिरॅमिकने रंगाची चकाकी टिकते, धूळ कमी चिकटते; गंज मात्र पोटातून आणि सांध्यांतून येतो, तिथे त्यांचा हात पोचत नाही. हौस म्हणून जरूर करा, गंजाच्या भीतीने करू नका.

बॅटरीला जोडायची 'इलेक्ट्रॉनिक गंजरोधक' डबी मात्र घेऊच नका. त्यामागचं तत्त्व खोटं नाही. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा तळ दुसरा धातू जोडून वाचवण्याचा मार्ग दाखवला, आणि आजही जहाजं आणि जमिनीखालच्या पाइपलाइन त्याच तत्त्वावर सांभाळल्या जातात. पण तिथे भोवती सलग समुद्र किंवा ओली माती असते, तिच्यातून प्रवाहाचं वर्तुळ पुरं होतं. रस्त्यावरच्या गाडीभोवती हवा असते. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका डबीच्या विक्रेत्यांवर दिशाभूल केल्याबद्दल कारवाई केली होती.

रेड ऑक्साईडबद्दल आपल्याकडे फार विश्वास आहे. गेट असो, ट्रकचा हौदा असो, तांबडा हात मारला की काम झालं असं वाटतं. पूर्वी जगभर पुलांना आणि जहाजांना जो तांबडा प्रायमर लावत, तो शिशाचा होता. म्हणजे देवाला लावतो तो शेंदूरच. तो गंजाला खरोखर रोखायचा, पण शिसं विषारी म्हणून तो मागे पडला. आजचं साधं रेड ऑक्साईड रंगाने तसं दिसतं, गुणाने तसं नाही. ते अस्तर आहे. त्यावर वरचा रंग दिला नाही तर पावसाचं पाणी त्यातून आरपार जातं. आणि गंजावर थेट लांबी भरून वर रंग मारणाऱ्या डेंटरला तिथेच थांबवा. लांबी ओल शोषते. वर्षभरात त्याच जागी पुन्हा फुगा येतो.

आता ज्यांनी खरोखर खर्च करायला हवा त्यांच्याकडे येतो. मुरूड, कर्दे, गुहागरच्या वाळूत गाडी घालून लाटांत फोटो काढणारे पुणेकर दर सुट्टीत दिसतात. कृपा करून हे थांबवा. समुद्राचं पाणी ब्रेकच्या नळ्यांवर, जॅक लावायच्या जागेवर, सायलेन्सरवर बसतं, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेत राहतं. गाडी गेलीच असेल तर घाट चढण्याआधी, त्याच दिवशी, गोड्या पाण्याने पोट धुवा. वर चकचकीत करून घेण्याची घाई नाही. ज्यांचं गावच किनाऱ्यावर आहे आणि गाडी महिन्यातून दोनदा तिकडे जाते, त्यांनी दर पावसाळ्याआधी मेणाचा लेप द्यावा. त्यांचे पैसे वाया जात नाहीत.

ट्रकवाल्या भावांना आणखी आग्रहाने सांगायचं आहे, कारण तिथे प्रश्न रंगाचा नसून जिवाचा आहे. तुमची गाडी हवेपेक्षा मालाने जास्त गंजते. मिरकरवाडा बंदरातून बर्फातली मासळी आणणारी गाडी वाटभर खारट पाणी गाळत येते. पोटॅश खत हे क्लोराइडच, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. मळीचे टँकर, मिठाची पोती, सगळ्यांचा गाळ क्रॉस मेंबरवर आणि पाट्यांच्या फटीत बसतो. माल उतरला की हौद्याच्या फळ्यांखालून आणि चासीच्या आतल्या बाजूने पाणी मारून घ्या. पासिंगच्या आदल्या दिवशी काळा रंग मारून गंज झाकू नका. पासिंग होईल, पण त्या चासीवर माल तुम्हीच लादणार आहात आणि घाटही तुम्हीच उतरणार आहात. महिन्यातून एकदा हातोडीने चासी ठोकून ऐका. धड लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. ब्रेकच्या नळीवर पापुद्रे दिसले तर ती त्याच दिवशी बदला.

जळकं ऑइल आणि डिझेल फवारण्याची पद्धत जुनी आहे, आणि तेलाने गंज मंदावतो हेही खरं. पण त्याने रबरी बुश आणि होज फुगतात, ब्रेकवर उडालं तर घात होतो, आणि पहिल्या पावसात ते ओढ्यात जातं. सरकारी नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. थोडे पैसे जास्त घालून चासीसाठी बनवलेलं मेण किंवा ग्रीस वापरा.

शेवटचा शब्द जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुरात गाड्या वाहून गेल्या, एकमेकींवर चढल्या. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तिथेही वाहनं बुडाली. बुडालेली गाडी धुऊन, नवी सीट कव्हरं घालून कोणालातरी विकली जाऊ शकते, आणि त्यावर नवं काळं कोटिंग असेल तर ते मोठ्या अभिमानाने दाखवलं जातं. कोटिंगकडे पाहू नका. खिशात एक साधं लोहचुंबक न्या. दाराच्या खालच्या भागात ते चिकटत नसेल तर आत जाड लांबी आहे. मग पुढची सीट मागे सरकवा, गालिच्याचा कोपरा उचला आणि रुळाचे बोल्ट बघा. वापरलेल्या गाडीत ते मळलेले असतात. त्यावर तांबूस खपली आणि कोपऱ्यात वाळलेला गाळ असेल, तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी मालकाला नमस्कार करून घरी या.