पूजेआधी तेलाचा बोळा



खंडेनवमी जवळ आली. नांगर, वखर, कोळपे, विळे, खुरपी अंगणात येतील. धुऊन-पुसून त्यांना हळदकुंकू लागेल, वर झेंडूचे फूल पडेल. मग वखर आणि तिफण रब्बीच्या कामाला जातील, पण कोळपे? ते गोठ्याच्या कोपऱ्यात पडेल, ते थेट पुढच्या आषाढात तांबडेलाल होऊन बाहेर निघेल.

गेल्या ज्येष्ठात मी एका वस्तीवर गेलो होतो. दारात भंगारवाला काटा लावून बसलेला. समोर कोळप्याच्या दोन पासा, नांगराचा फाळ आणि दोन विळे. घरची बाई म्हणाली, "साहेब, गंजानं खाल्लं समदं. इकते आन् नवं घेते." बियाण्या-खतालाच पैसा पुरत नव्हता, त्यात हा खर्च. मी चाकूने पास खरवडली. तांबडी भुकटी गळाली आणि खाली लोखंड चकचकीत लागले. म्हटले, "ताई, हा गंज नुसता वरचा आहे. आजचा दिवस थांबा." संध्याकाळपर्यंत दोन्ही पासा आणि दोन्ही विळे कामाजोगे झाले. फाळाचे मात्र पापुद्रे सुटत होते. तो लोहाराकडेच न्यावा लागला.

ही पारख प्रत्येकाने शिकून घ्यावी. खरवडल्यावर भुकटी पडली, तर गंज घरी निघतो. पापुद्रे सुटले, खड्डे दिसले, तर लोहार गाठावा.

लोखंड, हवा आणि ओल एकत्र आली की गंज चढतो. गंज भुसभुशीत असल्यामुळे ओल धरून ठेवतो आणि खाली आणखी गंज वाढतो. खताचे कण आणि गोठ्यातले मूत लागले तर हे काम झपाट्याने होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी अनेकांची समजूत होती. जमिनीला विष चढत नाही, पण गंजलेल्या नांगराचा भार बैलांच्या खांद्यावर पडतो. खरबरीत लोखंडाला ओली माती चिकटते आणि ओढ वाढते.

आता कृती. प्रथम माती धुऊन अवजार उन्हात खडखडीत वाळवावे. तारेच्या ब्रशाने किंवा विटेच्या तुकड्याने गंज घासावा. मग ८० नंबरचा जाडा पॉलिश पेपर आणि शेवटी १२० नंबरचा बारीक फिरवावा. डोळ्यांत भुकटी जाऊ नये म्हणून चष्मा लावावा. आखडलेल्या नट-बोल्टवर रात्री डिझेलचे थेंब सोडावेत, सकाळी पान्याने खोलावेत. जवळ विडी-काडी पेटवू नये.

सुट्या लहान भागांना चिंचेचा दाट कोळ लावून दोन-तीन तास ठेवावा. चिंचेतील आम्ल गंज विरघळवते. मात्र फार वेळ ठेवले तर ते चांगल्या लोखंडालाही खाते, म्हणून रात्रभर विसरू नये. नंतर चोळून, चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावे आणि लगेच पुसून वाळवावे. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तूंना चिंच लावू नये, मुलामाच निघून जातो. बेअरिंगजवळ पॉलिश पेपर घासू नये, कण आत गेले की बेअरिंग खराब होते. गंज जाळण्यासाठी विळा चुलीतही घालू नये. लोहाराने दिलेले पाणी उतरते आणि धार टिकत नाही.

यानंतरचे काम बहुतेकजण टाळतात. घासलेले लोखंड उघडे असते. तेल न लावता ठेवले तर दमट हवेत रात्रीतून पुन्हा तांबूस होते. म्हणून वाळताच त्याच तासाला तेलाचा बोळा फिरवावा. फाळ आणि पासांना ग्रीस लावावे. विळा, घरातली विळी आणि भाकरीचा तवा यांना खाण्याचेच तेल लावावे. ट्रॅक्टरचे जळके ऑईल फुकट मिळते, पण ते कातडीला वाईट आणि मातीतही उतरते. लाकडी मुठीला जवसाचे तेल उत्तम. मात्र त्याची चिंधी गोळा करून ठेवू नये, ती आपोआप पेटू शकते. पसरून वाळवावी.

अवजार गोठ्यात किंवा खताच्या पोत्यांशेजारी न ठेवता कोरड्या जागी फळीवर ठेवावे.

आणखी एक. गंजके अवजार लागले तरच धनुर्वात होतो, ही समजूत चुकीची आहे. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात. चकचकीत विळा लागला तरी जखम साबण-पाण्याने धुवावी आणि आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनची गरज विचारावी.

त्या ताईंची कोळपी यंदा पाळी घालून परत आली आहेत. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "साहेब, औंदा फूल मागून, आधी तेल." आपल्याही घरी यंदा तसेच व्हावे.