हुमणीला रात्री गाठा, भावांनो!

ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडतो, ओढला की अख्खं बेट हातात येतं आणि मग आपण औषधाच्या दुकानाकडं पळतो. कोल्हापूर जिल्ह्यात हुमणीची गोष्ट बहुतेकांना इथूनच माहीत असते. खरं तर ती मे-जूनमध्ये सुरू झालेली असते, रात्री. तेव्हा आपण कट्ट्यावर मोबाइल बघत बसलेलो असतो.

हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी. उन्हाळाभर भुंगेरे जमिनीत दडून असतात. वळवाचा चांगला पाऊस झाला, तापलेली माती भिजून गार झाली, की ते बाहेर पडतात. तेही दिवसा नाही, तर दिवस मावळल्यावर, साधारण सात-साडेसातला. माळाच्या रानातले भुंगेरे थेट कडुनिंब, बाभूळ, बोर गाठतात. तिथंच जोडी जमते, रात्री पाला खाणं चालतं आणि उजाडायच्या आत स्वारी परत मातीत! म्हणून दिवसा झाडाखाली उभं राहिलं तर कुरतडलेली पानं दिसतात, खाणारा दिसत नाही.

यातली एक मादी ५० ते ६० अंडी घालते. ऑगस्टपर्यंत अळ्या मोठ्या होऊन मुळं फस्त करत असतात. तेव्हा मातीत औषध ओतायचं म्हणजे खर्च जास्त आणि गुण कमी. त्यापेक्षा पाऊस पडल्यावरच्या संध्याकाळी फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. सोबत सात ते दहा प्रकाश सापळा लावायचा. कृषी खातं हे वर्षानुवर्षं सांगतंय. मग होत का नाही?

कारण हे एकट्याचं काम नाही. झाड एकाच्या बांधावर, ऊस दुसऱ्याचा आणि भुंगेऱ्याला सातबारा कळत नाही! एकानं गोळा केले आणि शेजारी झोपला, तर उपयोग काय?

पण गावात तरुण मंडळं आहेत की. गणपतीला रात्र-रात्र जागणारी पोरं-पोरी आपल्याकडं कमी नाहीत. वळीव झाल्यावर आठ-दहा रात्री, दोन-तीन तास, बॅटऱ्या आणि बादल्या घेऊन अख्ख्या शिवारात फिरलं तर? पुढच्या वर्गणीच्या पावतीआधी एवढा विषय मंडळाच्या बैठकीत निघू दे. भुंगेरा आपली वेळ चुकवत नाही, चुकतोय ते आपण.