वजनावर हसू नका, रक्तदाब मोजा

उन्हाळ्याच्या सुट्टीहून परतलो की एमआय रूमसमोर वजनासाठी रांग लागते. ज्याचा काटा पुढे सरकतो, त्याला त्याच दिवशी नवीन नाव मिळते. यंदा ते मला मिळाले. घरी पीटी बंद, आईच्या हातचे जेवण चालू. सहा किलो वाढवून आलो. सगळे हसले, मीही हसलो.

मग डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. आकडा आला १३४/८६. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच तर मोजावा लागतो." पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोनदा मोजला, दोन्ही वेळा जास्तच. तेरा वर्षांपुढील मुलांचा रक्तदाब १२०/८० च्या खाली हवा. तो वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १३०/८० किंवा त्याहून वर राहिला, तर तो उच्च रक्तदाब.

वजनाचा इथे काय संबंध? अंगात चरबी वाढली की इन्सुलिनचे काम बिघडू लागते, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो. त्यात आपल्या ट्रंकमध्ये चिवडा, लोणचे, फरसाण! मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा, मीठ पुरते.

माझे मत असे की चिडवल्याने कोणी बारीक होत नाही. मी मेसमध्ये सर्वांसमोर कमी जेवायचो आणि रात्री ट्रंक उघडायचो. शिक्षा म्हणून मिळालेल्या जादा फेऱ्यांनी धावण्याचाच राग येतो. उपयोग झाला तो एका मित्राचा. तो रोज संध्याकाळी माझ्या वेगाने माझ्यासोबत धावला. दोन महिन्यांत चार किलो उतरले आणि रक्तदाब ११८/७६ झाला.

कोणी म्हणेल, आपण रोज पीटी करतो, आपल्याला कशाला तपासणी? पण सुट्टीत पीटी नसते. शिवाय रक्तदाब बारीक मुलांचाही वाढू शकतो. म्हणून प्रत्येक टर्मच्या सुरुवातीला वजनाबरोबर प्रत्येक कॅडेटचा रक्तदाब मोजावा आणि आकडा फक्त त्यालाच सांगावा.

मित्रांनो, एनडीएच्या वैद्यकीय तपासणीत रक्तदाब मोजतातच. तो जास्त आहे हे तिथे पहिल्यांदा कळण्यापेक्षा इथेच कळलेले बरे.