छाप्याच्या मागे जाऊन बघा

मा. पोलीस अधीक्षक, बीड यांस,

नोव्हेंबर 2021 मध्ये अंबाजोगाईच्या एका अल्पवयीन मुलीची तक्रार राज्यभर गाजली. लहान वयात लग्न, सासरी छळ, माहेरी आसरा नाही, म्हणून बसस्थानकावर भीक आणि मग अनेकांकडून अत्याचार, असं तिचं सांगणं होतं. आरोप पोलिसांवरही होता. चर्चा झाली ती आरोपींच्या आकड्याची. तिच्या लग्नाकडे फारसं कुणी वळलं नाही.

साहेब, आपल्या जिल्ह्यात पोरीची फरफट बहुधा त्या लग्नापासूनच सुरू होते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाची आगाऊ उचल मिळते ती कोयत्यावर. दसऱ्यानंतर आईबाप सांगली-कोल्हापूरच्या, कर्नाटकाच्या फडावर जातात. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून तिला आधीच उजवून टाकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर पाच बायकांत दोघींहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. या आईबापांना नुसती दूषणं देणं मला जमत नाही.

पण अशी पोर पुढे देहविक्रीत लोटली गेली, तर कायदा कुठून सुरू होतो? लॉजच्या दारातून. बनावट गिऱ्हाईक, छापा, ‘पिटा’ म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा, मुलीची सुटका. छापे हवेतच. मात्र 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचं कलम 12 सांगतं की लग्नासाठी विकलेल्या किंवा लग्नानंतर विकल्या गेलेल्या अल्पवयीन मुलीचं लग्न मुळातच रद्दबातल आहे. भारतीय न्याय संहितेच्या मानवी तस्करीवरच्या कलम 143 ने भीक मागायला लावणंही शोषणात धरलंय. तिथे पीडितेची संमती विचारात घेतली जात नाही, आणि बालकाच्या तस्करीला किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप आहे.

सज्ञान बाई स्वेच्छेने देहविक्रीचा व्यवसाय करत असेल तर तिला त्रास देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्येच बजावलंय. तुमचं बळ अल्पवयीन मुलींसाठी लावा.

लॉजवर, स्थानकावर अशी मुलगी सापडली की तिचं लग्न कुणी जमवलं, पैसे कुणी घेतले, तिला इथवर कुणी आणलं, हे फिर्यादीतच नोंदवण्याचा लेखी आदेश काढा. ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याचाही जबाब घ्या. आणि हे सारं महिला अधिकाऱ्यासमोर, पोरीला धाक न दाखवता व्हावं. यंदा ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी हा आदेश प्रत्येक ठाण्यात पोचवा.

आपल्याच जिल्ह्यातील एक नागरिक