आधी गोलरक्षक निवडा

शाळेचा फुटबॉल संघ ठरवताना गोलरक्षक सगळ्यात शेवटी ठरतो. चोपडा तालुक्यात क्रीडाशिक्षक म्हणून उभी हयात घालवताना मी हेच पाहत आलो. जो पळण्यात चपळ तो पुढे, जो अंगापिंडाने दणकट तो बचावाला, आणि जो उरला तो गोलमध्ये. "सर, माले गोलमा नको," असं मुलं काकुळतीला येऊन सांगतात. त्यांचंही खरं असतं. गोल खाल्ला की सगळं खापर गोलरक्षकाच्या डोक्यावर फुटतं, आणि त्याने चार गोल वाचवले तरी मिरवणूक निघते ती गोल करणाऱ्याची. ही रीत मोडली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. संघबांधणी गोलरक्षकापासून सुरू झाली पाहिजे.

हे मत नवं नाही. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिक इथे, क्रिकेटच्या एका मैदानावर झाला. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. सुमारे चार हजार प्रेक्षक होते आणि सामना ०-० असा सुटला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. त्यांचा कर्णधार होता रॉबर्ट गार्डनर, आणि तोच गोलरक्षक! पुढे तो क्लाइड्सडेल क्लबकडून खेळला, १८७८ पर्यंत देशासाठी पाच सामने खेळला आणि स्कॉटिश फुटबॉल संघटनेचा अध्यक्षही झाला. त्याच सामन्यात इंग्लंडने मात्र आपला गोलरक्षक बार्कर मध्येच पुढे खेळायला पाठवला आणि मेनार्ड नावाच्या दुसऱ्या खेळाडूला गोलमध्ये आणलं. 'कोणीही उभा राहिला तरी चालेल' हा समज इतका जुना आहे. पण ज्यांनी गोलरक्षकाच्या हाती संघ दिला, त्यांना खेळ जास्त कळला होता असं मी म्हणेन. मैदानावरच्या सगळ्या खेळाडूंना एकाच वेळी समोर पाहू शकणारा तो एकटाच असतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर शेजारच्या गोव्याकडे पाहा. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकर क्लबचा गोल त्यांनी दीड दशकाहून अधिक काळ राखला. १९८३ मध्ये कोलकात्यात गोवा आणि बंगाल यांची अंतिम लढत बरोबरीत सुटली, राज्यांच्या संघांसाठीचा संतोष चषक दोघांना विभागून मिळाला आणि गोव्याचं नाव त्या चषकावर पहिल्यांदा लागलं. पुढच्याच स्पर्धेत, मद्रासला, गोव्याने पंजाबला १-० असं हरवून चषक एकट्याने जिंकला, तोही संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. ऐंशीच्या दशकात ब्रह्मानंद भारताचे कर्णधार होते. १९९७ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२२ मध्ये पद्मश्री. मुंबईत माटुंग्याच्या मैदानांवर घडलेले एस. एस. नारायण १९५६ च्या मेलबर्न आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकसाठी भारतीय संघात गोलरक्षक म्हणून निवडले गेले. मेलबर्नला आपण चौथे आलो होतो. खानदेशातल्या किती मुलांना ही दोन नावं ठाऊक आहेत? मुलांसमोर गोलरक्षकाचा आदर्शच नसेल, तर त्यांना ती जागा शिक्षा वाटली तर नवल काय!

आपल्याकडे गुण नाहीत असं अजिबात नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणारी पावरा मुलं मी शिकवली आहेत. झाडावर चढून आणि डोंगर उतरून त्यांची नजर, पकड आणि तोल असा तयार झालेला असतो की शहरातल्या मुलाला ते शिकवायला वर्षं लागतील. उणीव आहे ती शिकवण्याची. बहुतेक शाळांत गोलरक्षकाचा वेगळा सरावच होत नाही. बाकीची मुलं ओळीने चेंडू मारतात आणि तो बिचारा एकटा अडवत राहतो. याला सराव म्हणत नाहीत.

खरं तर त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. जवळपास प्रत्येक शाळेत लांब उडीचा वाळूचा खड्डा असतो. झेप घ्यायला तिथे शिकवावं. आधी गुडघ्यावर बसवून, मग उभं करून. कोपर किंवा पोट नाही, मांडी आणि खांद्याची बाजू आधी टेकली पाहिजे, आणि चेंडू दोन्ही हातांत, अंगठे एकमेकांजवळ. दुसरा धडा पुढे येण्याचा. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. रेषेवर खिळून राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला तो राखणं अवघडच. पण चेंडू घेऊन येणाऱ्याच्या दिशेने तो तीन-चार पावलं पुढे आला, की मारणाऱ्याला गोलची मोकळी जागा कमी दिसते. दोरीची दोन टोकं दोन्ही खांबांना बांधा, मधला भाग चेंडूपाशी धरा आणि मुलाला त्या दोरीच्या आत पुढे-मागे चालायला लावा. पाच मिनिटांत त्याला कोन समजतो.

सुरक्षेकडेही डोळेझाक नको. स्कॉटलंडमधल्या सेल्टिक क्लबचा गोलरक्षक जॉन थॉमसन ५ सप्टेंबर १९३१ रोजी रेंजर्सविरुद्ध समोरच्या खेळाडूच्या पायाशी झेपावला, डोक्याला मार लागला आणि त्याच रात्री गेला. अवघ्या बावीस वर्षांचा होता. आपली मैदानं मुरमाची. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. अशा जमिनीवर आपण पोरांना हातमोज्यांशिवाय, गुडघ्याला काही न बांधता उडी मारायला सांगतो. गोलचे खांब जमिनीत घट्ट रोवलेत का, हेही कोणी हलवून पाहत नाही.

शाळांच्या मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांना आणि माझ्या क्रीडाशिक्षक बंधू-भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा जिल्हास्तरीय आणि शालेय सुब्रतो चषकाच्या स्पर्धांसाठी संघ निवडाल, तेव्हा पहिलं नाव गोलरक्षकाचं लिहा. त्याच्यासोबत दुसराही तयार करा. क्रीडा साहित्याच्या पैशातून आधी त्यांचे हातमोजे आणि गुडघ्यांची पॅडं घ्या. आठवड्यातून दोन दिवस त्यांचा वेगळा सराव घ्या. आणि तो मुलगा किंवा मुलगी मैदान वाचू लागली, की कर्णधारपद द्यायला कचरू नका. उरलेल्या पोराला गोलमध्ये उभं करून जिल्ह्याच्या पुढे जाता येत नाही.